लोमायानीची स्पॅनिश

लोमायानीने गाडीचं बॉनेट फडक्याने पुसलं आणि त्यावर स्पॅनिश शिकवणारे तीन कोर्स शेजारी शेजारी मांडले. बोकड घेतानाही तो असंच करी. आधी सगळे समोर उभे करायचे, मग हाताची घडी घालून गप्प राहायचं.

"बोलताहेत का काही?" नासेरियानने, त्याच्या बायकोने, दारातूनच विचारलं.

"थांब गं जरा."

मालकीणबाई मामा शिरिमांच्या सफारी कंपनीत तो अठरा वर्षं गाडी चालवत होता; तिकडे मोठ्या बाईला 'मामा', म्हणजे आई, म्हणतात. सेरेंगेटीतली एकेक सिंहीण तो तिच्या आजीपासून ओळखे. पण स्पॅनिश पाहुणे आले की शेजारच्या मोशी शहरातून एक गाइड यायचा, ऐटीत पुढच्या सीटवर बसायचा आणि लोमायानीने हुडकलेले सिंह आपल्या नावावर खपवायचा. ते त्याला फार लागे. यंदा मामांनी सांगून टाकलं होतं, "जूनच्या गटापर्यंत शिकलास तर गाइड तू. नाहीतर स्टिअरिंग आहेच तुझं."

पहिला कोर्स म्हणजे उशीएवढं जाड पुस्तक. पहिल्याच पानावर क्रियापदांचे तक्ते. दुसरा मोबाइलमध्ये होता. त्याच्या धड्यांतला मुलगा दोन आठवडे नुसती सफरचंदं खात होता, आणि जंगलात रेंज गेली की तोही उपाशी. तिसरा जुन्या बाजारातला, आठ कॅसेटचा. अख्ख्या अरुशा शहरात कॅसेट वाजवणारे दोनच उरले होते: चर्चजवळचा न्हावी आणि लोमायानीची गाडी.

"नेमाचे बाबा, घ्या एकदाचा कुठला तरी. चहा निवला."

"ज्याला रेंज लागत नाही, तो," लोमायानी म्हणाला आणि कॅसेटचा डबा काखेत मारला.

मग तीन महिने पाहुण्यांना विमानतळावर सोडून रिकामी गाडी परतताना आत शिकवणी चाले. कॅसेटमधली बाई एक वाक्य म्हणे आणि थांबे, की हा ओरडून तेच म्हणे. वाटेतले गुराखी त्याला हात करायचे सोडून बाजूला होऊ लागले. मे संपेपर्यंत आठही कॅसेट तोंडपाठ झाल्या.

गट यायच्या आदल्या दिवशी पेट्रोल भरताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा कोर्स स्पेनला निघालेल्या प्रवाशांसाठी होता. स्टेशन कुठे आहे? दुकान किती वाजता उघडतं? तुमच्या घरी कोण कोण असतं? सगळे प्रश्नच. उत्तरं समोरचा देणार. आणि आठ कॅसेटींत सिंह एकदाही आला नव्हता.

"मग सांगून टाका मामांना," नासेरियान म्हणाली.

"आता कुठल्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला मामा शिरिमा स्वतः मागच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांच्याशेजारी बेगोन्या नावाची पाहुणी आणि तिच्या दोन मैत्रिणी. पुढे लोमायानीच्या बाजूला बेगोन्याची आई अम्पारो, काळा चष्मा लावून. गाडी शहराबाहेर पडली तरी कुणी काही बोलेना. मागून मामा खाकरल्या.

मग लोमायानी गावात कुणी भेटल्यावर करायचा तेच करू लागला. तिथे एका प्रश्नावर कुणी थांबत नाही. घर कसं आहे, मुलंबाळं, तब्येत, काम, सगळं विचारून झाल्याशिवाय रामराम पुरा होत नाही. एकच विचारून थांबणारा माणूस बहुधा पोलीस असतो.

त्याने स्पॅनिशमध्ये घर विचारलं. अम्पारो एका शब्दात बोलली. मुलं विचारली. दोन शब्द आले. मग त्याने विचारलं, "तुमचे यजमान काय करतात?"

म्हातारीने चष्मा काढला. आणि मग जी बोलायला लागली, ती थांबेचना. लोमायानीकडचे प्रश्न केव्हाच संपले होते. त्याने वेग कमी केला, आणि तिचा आवाज भरून आला की तो हळूच "पोले, मामा" म्हणू लागला. दुःखातल्या माणसाला तिकडे हेच म्हणतात. दोन जिराफ आले नि गेले, त्याने दाखवलेसुद्धा नाहीत.

न्गोरोंगोरो अभयारण्याच्या फाटकाशी कागदपत्रांसाठी गाडी थांबली. बेगोन्या उतरून त्याच्यापाशी आली. इंजिनाच्या घरघरीत मागे काही ऐकू गेलं नव्हतं.

"बाबा गेल्यापासून आई आमच्याशी धड बोललेली नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला काय सांगत होती?"

मामा शिरिमा दोन पावलांवर उभ्या होत्या. लोमायानीने टोपी काढली, परत घातली.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा, मॅडम. मी कसं सांगणार?"

बेगोन्या क्षणभर घुटमळली आणि गाडीकडे गेली. ती चढून लोमायानीच्याच जागेवर बसली.

मामा जवळ आल्या. "शाब्बास रे! पण मला तरी सांग, काय म्हणत होती म्हातारी?"

लोमायानीला खोटं सुचलंही होतं. पण अठरा वर्षं त्याने मामांचं मीठ खाल्लं होतं.

"मामा, एक अक्षर कळलं नाही."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग काचेतून आत पाहिलं. आत आई आणि मुलगी एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींचे हात धरून, आणि दोघींची तोंडं रडून लाल झाली होती. मामांनी पर्समधून फोन काढला.

"मोशीवाल्याला बोलावते."

लोमायानीने मान खाली घातली. "बरोबर आहे, मामा."

"सिंहाबिंहाची माहिती सांगेल तो," नंबर शोधत मामा म्हणाल्या. "मागे बसून."