साय खाणारी वेल

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलंच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कसूर राहिली असं समजा. आमच्या अंगणातली द्राक्षाची वेल साय खाते.

दूध पिते म्हणालो असतो तर तुम्ही निदान मान तरी डोलावली असती, कारण त्यात सगळी बनवाबनवी नाही. गेल्या वर्षी वेलीवर भुरी आली. पानांवर कुणीतरी पीठ चाळून टाकावं तशी पांढरी बुरशी, आणि मग घडही तसेच, पिठात लोळल्यासारखे. यंदा मी ठरवलं, रोग दिसण्याआधीच उपाय करायचा. थोडं दूध, भरपूर पाणी, आणि सकाळच्या उन्हात पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. मात्र दूध साय काढलेलं हवं, नाहीतर पानं नासक्या दुधाच्या भांड्यासारखी वास मारतात. म्हणून साय काढायचं काम मी जातीनं अंगावर घेतलं. असली जबाबदारी दुसऱ्यावर टाकून चालत नाही.

आता, डॉक्टरांनी मला सायीकडे बघायलासुद्धा बंदी केली आहे, हे आमच्या हिला पाठ आहे. त्यामुळे लोण्यासाठी साय साठवायचं भांडं रिकामं दिसताच तिनं माझ्याकडेच बघितलं.

"अहो, साय कुठे गेली?"

"वेलीनं खाल्ली," मी म्हणालो.

हिनं रिकामं भांडं पालथं घातलं. आमच्या घरात हे वाईट लक्षण. हातातलं काम टाकून ती तडक शेजारच्या टेलरमास्तरांकडे गेली. परत आली ती मास्तरांना घेऊनच. मास्तरांच्या एका हातात करवत होती, गळ्यात नेहमीची टेप आणि खिशातून मोठी कात्री डोकावत होती.

"काका, काकू म्हणतात वेल बुंध्यापासून उतरवायची," मास्तर म्हणाले. "माझ्याही मशीनवर जरा उजेड येईल म्हणा."

"माझी साय खाणारं झाड मला दारात नको," ही म्हणाली.

पेन्सिलीएवढी काडी होती तेव्हापासून ही वेल मी वाढवली आहे. थंडीत ती झोपली की जुन्या काड्यांवर दोन-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून छाटतो. उन्हाळ्यात मांडवाखाली रुमालाएवढे कवडसे पडतील इतकीच पानं ठेवतो, म्हणजे आत वारा खेळतो. पाणी मुळाशी, पानांवर त्या फवाऱ्याखेरीज थेंब नाही. आणि त्या कवडशांत माझी खुर्ची! करवत बुंध्याला लागली की सगळं संपलं. म्हणून मी मास्तरांना त्याच खुर्चीत बसवलं.

"मास्तर, कापा. पण आधी या वेलीची हुशारी ऐका. द्राक्षाचा ताणा पाहिलात ना? आंधळ्याच्या हातासारखा चाचपडत जातो आणि सापडेल त्याला विळखा घालतो. यातला एक ताणा दुधाच्या वासानं भिंत चढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेला."

"खिडकीला जाळी आहे," ही म्हणाली.

"म्हणून तर ताणा गेला. फांदी असती तर अडकली असती."

मास्तरांनी करवत मांडीवर ठेवली. माणूस ऐकू लागला की हातातलं हत्यार आपोआप खाली येतं.

"आत गेला तो पातेल्यापाशी. झाकणाच्या मुठीला दोन वेढे दिले आणि झाकण अलगद उचललं. आवाज नाही, काही नाही. मागून एक कोवळं पान आलं."

"जाळीतून? पान?"

"घडी करून आलं. मास्तर, तुम्ही शर्टाची घडी घालता ना, तशी. आत उलगडलं, सायीखाली सरकलं आणि अख्खी साय एका झटक्यात उचलली. फाटली नाही कुठे. बायकांनासुद्धा जमत नाही असं."

"बायकांना काय जमत नाही ते नंतर बघू," ही म्हणाली. "झाकण परत कोणी ठेवलं?"

"त्याच ताण्यानं. वळण आहे तिला. कुणी वाढवली आहे!"

मास्तर उठले, वेलीचं एक पान उलटं-पालटं करून बघितलं. पान हिरवंगार, भुरीचा ठिपका नाही. "काका, पानावर तुकतुकी मात्र आहे हो," ते हळूच म्हणाले. "खाऊन-पिऊन सुखी दिसते. काकू, असलं झाड कापायचं म्हणजे... माझा हात धजत नाही. उजेडाचं काय, मी बल्ब लावीन."

मी जिंकलोच होतो. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर आज ही गोष्ट तुम्हाला बिनबोभाट सांगता आली असती. पण मास्तरांचे डोळे असे काही मोठे झाले होते, की माझ्यानं राहवेना.

"आजचीच गोष्ट," मी म्हणालो. "दुपारी मी इथे डोळे मिटून पडलो होतो. डोळे उघडतो तो काय, ताणा खिडकीतून साय घेऊन परत येतोय, माझ्या अगदी नाकासमोरून! मी हात जोडले. म्हटलं, बाई, खा पोटभर, मला त्यातलं बोटभरही नको. डॉक्टरांची बंदी आहे. आणि मी शपथेवर सांगतो मास्तर, त्या सायीचा एक कण..."

ही माझ्या अगदी जवळ आली. पदराचं टोक तिनं माझ्या मिशीवरून फिरवलं आणि ते मास्तरांना दाखवलं. पांढरं होतं.

"मास्तर, करवत घरी न्या," ती म्हणाली. "वेलीनं काही खाल्लेलं नाही. कात्री तेवढी इकडे द्या. साय खाणारी ह्यांची मिशी आहे, ती उतरवते."