चोकाच्या आडोशाला

"आज पुन्हा वरणाला हिंगाचा वास न्हाई," अच्युतराव कुरकुरले. "डोकं शाळेत, हात चुलीपाशी."

"हळू बोला की. आतच हाय ती," नलिनीबाई म्हणाल्या.

"चोक वाजायलाय न्हवं का! तिला काय ऐकू जायलंय."

आत ओट्याशी उभ्या असलेल्या जयंतीनं हिंगाची डबी उघडली आणि वरणात चिमूटभर हिंग टाकला.

खिडकीबाहेर, भिंतीला लागून, दगडी बाक होता. बाकावर बसलेल्याच्या कानाशी येईल असा तो चोक भिंतीत ठोकलेला. विटेएवढी लोखंडी पेटी, फाटकावरच्या मर्क्युरीच्या दिव्याची. खांबावर पावसाचं पाणी लागतं म्हणून, वीजखात्यात हयात घालवलेल्या अच्युतरावांनी तो स्वतः घराच्या भिंतीवर आणून बसवला होता. दिवेलागणीला बटण दाबलं की दिवा आधी जांभळा व्हायचा, मग निळसर, मग सावकाश पांढरा, आणि चोक घूंऽऽ करत बसायचा. त्या आवाजाच्या आडोशाला म्हातारा-म्हातारी घरातली सगळी खलबतं उरकत. एक गोष्ट मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती. चोक कानाशी वाजतो म्हणून दोघंही नकळत आवाज चढवून बोलायची. आणि डोक्यावरची खिडकी तर उघडीच असायची.

जयंतीला सगळं ऐकू यायचं.

सत्ताविशीत होती तेव्हा उदगीरचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, हसरा. तिला आवडला होता. "तिकडून नकार आला," असं अण्णांनी, म्हणजे अच्युतरावांनी, जेवताना सांगितलं. पण पानं घेण्याआधीच, चोकाच्या वरताण आवाजात, ते बाकावर आईला म्हणाले होते, "मीच न्हाई म्हणून कळवलं. पोरगा गेला परदेशी. आता हीबी गेली तर आपल्याला कोण हाय?" त्या दिवशी जयंती पोळी मागून घेऊन जेवली होती. कुणाला शंका नको.

आता ती पन्नाशीला टेकली होती. बीदरच्या ज्या शाळेत ती शिकवायची, त्याच संस्थेच्या आळंदच्या मराठी शाळेत तिला मुख्याध्यापिका नेमलं होतं. सोमवारी रुजू होऊन तिकडंच राहायचं होतं. नेमणुकीचं पत्र तिनं देवापुढं ठेवलं, पेढे आणले. पेढे संपले, तरी घरात कुणी 'जा' म्हणेना की 'नको' म्हणेना. अण्णा ती समोर आली की गुडघा चोळायचे. आई मधुमेहाची गोळी शोधायची, डबे वाजवत. आणि जयंती रोज गुडघ्याला तेल गरम करून द्यायची, गोळी हातात आणून ठेवायची, आणि आळंदचा विषय गिळून टाकायची. कपड्यांची पेटी माळ्यावरून काढायची म्हटली तरी तिचा हात वर जाईना.

शनिवारी चोक जळला. भिंतीवर काळा ओघळ, अंगणात करपलेला वास. वायरमन बंडेप्पा आला, पेटी उघडून त्यानं मान हलवली.

"मर्क्युरीचा चोक आता दुकानात कुणी ठेवत न्हाई, अण्णा. एलईडी लावतो."

"अरे, चोक कशाला असतो ठाऊक हाय का तुला?" अच्युतराव भडकले. "त्यानं धरून ठेवलं न्हाई, तर वीज बेफाम घुसती न् दिवाच फुटतो!"

"ह्याला ती पेटी लागत न्हाई, अण्णा," बंडेप्पा म्हणाला, आणि जळका चोक पिशवीत घालून गेला.

संध्याकाळी बटण दाबलं. दिवा एकदम लागला, लख्ख. ना जांभळा, ना निळा. आवाज कसलाच नाही.

दोघं सवयीनं बाकावर येऊन बसली. अच्युतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नलिनीबाईंनी पदर सावरला, तर बांगड्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला. न्हाणीघराचं दार कुणी काढून न्यावं तशी दोघं अवघडून बसली होती. जयंतीला खिडकीतून त्यांची पांढरी डोकी दिसली. बोलू द्यावं बापड्यांना, असं वाटून तिनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, उंडा मळला आणि भाकरी थापायला लागली. थप्, थप्, थप्. जरा जोरातच.

बाहेर माना जवळ आल्या. जुन्या सवयीनं आवाज चढला.

"उद्धवरावाला उद्या फोन करतो. संस्था त्याच्याच हातात हाय. आळंदला दुसऱ्या कुणाला तरी धाड म्हणतो."

"अन् जयूला कळलं तर?"

थापणारा हात परातीवर थांबला.

"कसं कळायलंय? उदगीरच्या टायमाला तरी कुठं कळलं होतं!"

शेवटचं वाक्य रिकाम्या अंगणात एकटंच उभं राहिलं. नलिनीबाईंनी मान वर करून खिडकीकडं पाहिलं. अच्युतरावांचा हात आपोआप भिंतीकडं गेला. तिथं आता चोकाची चौकट तेवढी उरली होती.

जयंती खिडकीपाशी आली. पिठाच्या हातानं तिनं गज धरला. आवाज चढवायची गरजच नव्हती.

"कळलं होतं, अण्णा," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी कळलं होतं. उद्धवरावांना फोन करू नका."