जावयासाठी जिताडा

माझी मुलगी मनस्वी बेलापूरला नोकरी करते आणि तिला लग्न करायचं होतं रोह्याकडच्या एका आचाऱ्याशी. ती त्याला शेफ म्हणते. हे तिने मला गणपतीत सांगितलं, तेही आरती संपून प्रसाद वाटायच्या आत, म्हणजे भरल्या घरात मला ओरडता येऊ नये. पोरगी माझीच आहे, डोकं चालतं तिचं.

माझा राग आचाऱ्यावर नव्हता. रोह्यावर होता. आम्ही पेणच्या खारेपाटातली माणसं. आजा मिठागरात, बाप मिठागरात, मीही वीस वर्षं मिठागरात काढली. खाडीच्या मासळीवर वाढलेली जीभ आमची. आणि हा रितेश डोंगराकडच्या गावातला, भात कापला की वाल पेरणाऱ्या घरातला. वालाला मी नावं ठेवत नाही, बिरडं मलाही आवडतं. पण वाल सोलणाऱ्या हाताला मासा काय कळणार? आणि वर हा रांधतो काय, तर व्हेनेझुएला नावाच्या देशाचं जेवण! तो देश कुठे आहे हे मला टीव्हीवाल्या भाच्याला विचारावं लागलं.

हौसा, माझी बायको, मुलीच्या बाजूने गेली. दोन महिने घरात मला चहासुद्धा न बोलता मिळत होता. शेवटी मी अट घातली. आमच्याकडे ज्याच्या दारात तळं, त्याच्या तळ्यात जिताडा असतोच. दोन-दोन, तीन-तीन वर्षं हा मासा पोसायचा आणि मानाचा पाहुणा आला की काढायचा. जावयासाठी तर हमखास.

"आपल्या तलावातला जिताडा घेऊन मी येतो," मी म्हणालो. "त्याने तो करून मना वाढायचा. आवडला तर साखरपुड्याची तारीख धरू. नाय आवडला तर हा इषय परत घरात काढायचा नाय."

मनस्वी लगेच हो म्हणाली. इतकी लगेच म्हणाली की मीच घाबरलो.

कारण आमच्या तळ्यातला जिताडा मीठ-हळद लावून आंधळ्याने तव्यावर टाकला तरी खाणारा बोटं चाटतो. मग या गड्याला नापास कसा करायचा?

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दिवाळीनंतरच्या रविवारी उजाडता उजाडता मी जाळं खांद्यावर टाकून निघालो. जाळं ठेवलं बांधावर आणि स्कूटरने सरळ पेणच्या बाजारात गेलो. पिंकी मासळीवालीने चांगला तजेलदार जिताडा उचलून दाखवला. मी म्हणालो, हा नको, तो खालचा दे.

"दादा, त्यो परवाचा हाय. मांजराला घालताव काय?"

'जावयाला' असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. मासा किती दिवसांचा ते कल्ल्यांवरून कळतं, म्हणून कल्ले तिथेच काढून घेतले. बर्फ धुऊन टाकला. केळीच्या पानात गुंडाळून मासा पिशवीत घातला, बांधावरचं जाळं उचललं आणि घरी आलो. "गावला?" हौसाने विचारलं. "गावला," मी म्हणालो आणि एसटी चुकेल म्हणून तिला पिशवी उघडू दिली नाही.

बेलापूरचं ते हॉटेल म्हणजे पिवळ्या भिंतींची एक लांबट खोली होती. रितेश दारातच उभा होता. काटकुळा, डोक्याला फडकं बांधलेला. वाकून पाया पडला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी घेतली.

"तलावातला, काका?"

"सकाळीच काढला," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तो आत गेला आणि मी, हौसा आणि मनस्वी टेबलाशी बसलो. हॉटेलची मालकीण योलांदा नावाची व्हेनेझुएलाची बाई होती. पन्नाशीची, गोल, हसरी आणि माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलणारी. तिने आधी तीन ग्लास आणले. मी घोट घेतला आणि ग्लासाकडे बघतच राहिलो. गूळ आणि लिंबू! पाहुणा आला की गूळ-पाणी द्यायचं हे या बाईला कुणी शिकवलं? ती म्हणाली, आमच्याकडे हेच देतात, आजीच्या आजीपासून.

मग अरेपा आली. मक्याची भाकरी, पण तळहाताएवढी आणि दोन बोटं जाड, पोटात फाडून काळा घेवडा आणि चीज भरलेली. आमच्याकडे नव्या सुनेने अशी भाकरी थापली तर बारशापर्यंत टोमणे ऐकेल. हौसाने दोन खाल्ल्या. सोबत पिकल्या राजेळी केळ्यांचे तळलेले काप. मी तीन वेळा घेतले, कुणी बघत नाही असं बघून.

त्यानंतर दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं आलं. उघडलं तर केळीचं पान आणि पानात मक्याच्या पिठात दडवलेलं कोंबडीचं सारण.

"अवो, ही तर आपली पानगी!" हौसा एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाजूच्या टेबलावरची माणसं वळली.

योलांदा म्हणाली, याला आयाका म्हणतात. नाताळात घरातल्या सगळ्या बायका एकत्र बसून ही पुडकी बांधतात. आई वाटून देते, बहिणी भरतात, आणि मी सात वर्षं घरी गेले नाही. बोलता बोलता तिचे डोळे भरले. परक्या माणसासमोर मान वर न करणाऱ्या माझ्या बायकोने तिचा हात धरला.

मी हबकलोच. सातासमुद्रापारचे लोक काहीतरी अचाट, ओकारी आणणारं खात असतील, अशी माझी खात्री होती. आणि इथे केळीचं पान, गूळ, राजेळी. त्याहून वाईट म्हणजे मला जेवण आवडत होतं. नापास करायला आलो होतो आणि माझंच माणूस फितूर झालं होतं. म्हटलं, मासा येऊ दे. मग बघू.

मासा आला. रितेशने स्वतः आणला, काचेच्या खोलगट बशीत. पांढऱ्या फोडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, बाजूला उकडलेल्या रताळ्याची चकती. वाफ नाही, मसाला नाही, तेलाचा थेंब नाही.

"ह्ये काय?"

"जिताडा, काका. सेविचे म्हनतात. पेरू देशाकडचं हाय."

"रांधलास कधी?"

"रांधत नायत. लिंबाच्या रसात ठेवतात."

कच्चा! माझ्या कानशिलातून जाळ निघाला. साठ वर्षांत मी मासा वाळलेला खाल्ला, खारवलेला खाल्ला, पुरात जळण भिजलं तेव्हा अर्धाकच्चाही खाल्ला. पण मुलीच्या बापाला जेवायला बोलावून त्याच्यापुढे कच्चा मासा? "कच्ची मासली आमच्याकडं बोका खातो!" मी म्हणालो. मनातून खूष होतो. परीक्षा संपली होती.

"बाबा, ऐका तरी," मनस्वी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "मसाल्यात कसाही मासा खपतो. कच्चा वाढायचा तर तो ताजाच लागतो, आणणाऱ्यावर भरवसा लागतो. तुम्ही सकाळी काढून आणलात, म्हणून तुमच्या शब्दावर केलाय. मीच सांगितलं होतं त्याला, माझे बाबा माशात खोटं बोलायचे नाहीत."

आणि तिने चमचा भरून तोंडाकडे नेला.

परवाचा मासा. बर्फातला. कच्चा.  काय करतोय हे कळायच्या आत मी तिच्या हातावर फटका मारला. चमचा उडाला, फोडी टेबलावर सांडल्या.

"खाऊ नको गो! त्यो तलावातला नाय! बाजारचा हाय, परवाचा, बर्फातला!"

 मनस्वीला आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू समजलं, आणि समजताना तिचं तोंड मी बघत होतो. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"काका, बसा," रितेश हलकेच म्हणाला. "तुमचा मासा आत तसाच हाय. मी त्याला सुरी लावली नाय. बोटानं दाबला तर खड्डा परत वर आला नाय. ह्यो आमच्याकडं सकाळी आलेला दुसरा जिताडा हाय. ताजा हाय. कुनाला काय व्हनार नाय."

 म्हणजे मी बोललो नसतो तरी कुणाचा केससुद्धा वाकडा झाला नसता. "मग तवाच का बोलला नायस?"

"काय बोलनार? तुमी मनस्वीचे वडील. म्हटलं, एसटीत उनानं नरम झाला असंल. तुमी तलावातला म्हनालात, तर तलावातला."

"आनि मना आवडला असता तर?"

"तर तुमच्या तलावाचं नाव झालं असतं."

मी खाली बसलो.  ज्या पोराला मासा कळत नाही म्हणत होतो, त्याने माझा मासाही ओळखला आणि मलाही, आणि दोघांनाही झाकून घेतलं. उघडा पडलो तो माझ्याच तोंडाने. मला रडू आलं. साठीच्या माणसाला भर हॉटेलात रडू येतं हेही मला त्या दिवशीच कळलं.

"नको होतं तर नको म्हणायचं होतंत, बाबा," मनस्वी म्हणाली. "भांडले असते मी. पण असं..." आणि ती रडायला लागली.

"सकाली जालं घेऊन आलाव, तवा पाय सुके व्हते तुमचे," हौसा म्हणाली. "मना तवाच समजलं."

"मग गप का ऱ्हायलीस?"

"बघत व्हती, कुठवर जाताव त्ये. आता बोलला नसताव तर मी बोलनार व्हती. बोललाव, त्येवढं बरं क्येलंव."

मग तिने बशी स्वतःकडे ओढली. गावात कुणाचाही मासा हिने चाखल्याशिवाय चांगला ठरत नाही, अशी ही बाई. जन्मात पहिल्यांदा कच्च्या माशाची फोड तिने तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावू लागली. रितेश बघतोय, मनस्वी रडायची थांबून बघतेय, योलांदा आतल्या दारात हातातलं फडकं पिळतेय. हौसाने गिळलं, पाणी प्याली, आणि रितेशकडे बघून म्हणाली, "जावयबापू, मीठ वाईच कमी हाय."

मग माझ्याकडे न बघता तिने मनस्वीला विचारलं, "पौषाच्या आदी साखरपुडा झाला तर चालंल ना गो?"

मी हो म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.