आडवा धागा

कापड घरी आणलं की मी आधी एक धागा ओढून जाळून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरली की मऊ. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा, टणक मणी सोडतो. दुकानदारापेक्षा माझा काडेपेटीवर जास्त विश्वास. घरात मला आगलावी म्हणतात ते यावरूनच.

माझा धाकटा भाऊ काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे काच फुंकतो. तिथे अंगावर सुतीच लागतं. काचेचा थेंब उडाला तर सुती कापडाला भोक पडतं, कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटतं. म्हणून त्याचे सदरे मी शिवते. गेल्या महिन्यात एक निळा, जाडसर पोताचा शिवला. हाताला इतका छान लागला की शिवताना मीच दोनदा गालाला लावला.

शनिवारी दुपारी त्या सदऱ्याच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी बेतत होते. कडेचा एक धागा सुटला, सवयीने काडी लावली. टोकाला मणी आला.

दुसरा धागा ओढला, लांबीचा. राख. मग रुंदीचा. मणी. पुन्हा रुंदीचा. मणी.

गेल्या महिन्यात मी फक्त उभा धागा जाळला होता. काठाजवळून तो सहज निघतो म्हणून. आडवा बघितलाच नव्हता.

भावाचा फोन वाजत राहिला. कामावर फोन फाटकाशी ठेवावे लागतात. भावजयीला लावला.

"आज कोणता सदरा घालून गेलाय?"

"बघितलं नाही हो ताई. निळा दोरीवर नाही, म्हणजे अंगावरच असणार. दुसरं काही आवडतं का त्यांना आता? का हो?"

"सहज," म्हटलं आणि चपला घातल्या.

बसमध्ये मी उभीच राहिले. बसवेना. छाती, पोट, दोन्ही बाह्या. किती कापड लागलं होतं ते मला सेंटिमीटरमध्ये पाठ होतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला धावत येताना पाहिलं. "घरी काही बरंवाईट?"

"नाही. भावाचा सदरा काढायचाय."

त्याने माझ्या मुठीकडे बघितलं. "आधी ती काडेपेटी इथे ठेवा."

भाऊ बाहेर आला तो जुन्या करड्या सदऱ्यात. मी भिंतीला टेकले.

"ताई? आई बरी आहे ना?"

"निळा कुठे आहे?"

"तेवढ्यासाठी आलीस? रागावू नकोस, कामावरच्या जोडीदाराला दिला. नवा आहे, त्याच्याकडे सुती नव्हता. म्हटलं, आमच्या आगलावीने जाळून बघितलंय, डोळे मिटून घाल."

मी दुसरी मूठ उघडली, आडव्या धाग्याचा मणी त्यात होता. त्याने मणी नखाने दाबून बघितला. मग वळला आणि धावत सुटला. मी मागे. पहारेकऱ्याने अडवलं नाही.

भट्टीघराच्या दारात मात्र भाऊ एकदम थांबला आणि हळू चालू लागला. फुंकायच्या नळीच्या टोकाला तापली काच असताना माणसाला दचकवायचं नसतं. पाठमोरा निळा सदरा नळी फिरवत होता. टोकाचा नारिंगी गोळा खाली ओघळायला बघत होता. भाऊ त्याला दिसेल असा बाजूला जाऊन उभा राहिला.

"नळी दे इकडे."

"होतच आलंय, दादा."

"दे."

नळी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"आता मागे हो आणि सदरा काढ," भाऊ काचेवरची नजर न काढता म्हणाला.

मीच बटणांना हात घातला. काजं घट्ट विणली होती, दुहेरी दोऱ्याने. एकही बटण सुटेना. शेवटी जोडीदारानेच काढली.

"चांगला आहे की, ताई," तो ओशाळून हसला. "फक्त इथे जरा टोचतं."

त्याने डावी बाही उलटी करून दाखवली. तांदळाएवढं भोक, आणि त्याच्या कडेला काळा, टणक मणी. मनगटावर त्याच जागी तेवढाच लाल, ओला डाग.

"हे कधीचं?"

"परवाचं. थेंब उडाला तिथे चिकटलं; मला वाटलं, सुती असंच असतं."