लांडगा वळसा घालून येतो

मित्रांनो, माझ्यावरून एकदा भलतीच पैज लागली होती. मेंढ्यावाले काका आणि शेजारच्या मावशी मलाच टेकून भांडत होते. काकांचं म्हणणं, कोकरं मावशींचा कुत्रा खातो, त्याला गावाबाहेर धाडा. मावशी म्हणाल्या, "लांडगा खातो. खोटं ठरलं तर कुत्रा देऊन टाकते. खरं ठरलं तर तुम्ही भर बाजारात चार पायांवर चालून बेंबें करायचं."

"कबूल. हे कुंपण असताना लांडगा येतो कुठून?"

ते कुंपण म्हणजे मीच. जुनं, तारेचं, गंजलेलं. आमची जमीन जिभेसारखी समुद्रात घुसलेली. तीन बाजूंनी पाणी, आणि रानाला जोडणारी एकच चिंचोळी पट्टी. या काठापासून त्या काठापर्यंत मला ताणलं की लांडगा रानात आणि मेंढ्या गावात. ताणलं त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही. खरी गंमत माझ्या टोकाशी होती, पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं त्याच टोकाशी दबा धरून बसले. कुत्र्याची दोरी मावशींच्या मनगटाला. उजाडलं तसं समुद्राचं पाणी मागे सरलं आणि रानातून लांडगा आला.

"आता आपटतोय बघा तारेवर," काका कुजबुजले.

लांडग्याने तारेकडे पाहिलंसुद्धा नाही. ओल्या वाळूवरून माझ्या शेवटच्या खांबाला वळसा घातला आणि स्वतःच्या घरात शिरावं तसा आत आला. कुत्रा भुंकला तेव्हा कुठे परत पळाला.

काका शेवटच्या खांबापाशी जाऊन म्हणाले, "खांब ठोकला तेव्हा पाणी इथवर होतं हो."

"तेव्हा भरती होती," मावशी म्हणाल्या. "ओहोटीला कोण आलं होतं बघायला?"

आता मला पार खोल पाण्यापर्यंत लांबवलंय. तरी मित्रांनो, कुंपण घातलं की काम संपलं असं समजू नका. अधूनमधून या, गंज खरवडा, सैल तार ओढून घ्या. आणि कुणाच्या कुत्र्यावर आळ घेण्याआधी ओहोटीला एक चक्कर मारा.

बाजाराच्या दिवशीचा तमाशा मला इथूनही दिसला. काका मधोमध चार पायांवर उतरले आणि हळूच "बें" म्हणाले. ऐकू आलं नाही, असं मावशींनी सांगितलं. मग काकांनी घसा खाकरून असं काही बेंबें केलं की कुत्र्याचे कान टवकारले. तो धावत आला, काकांच्या मागे गेला, आणि भर बाजारातून त्यांना हाकत हाकत थेट त्यांच्याच मेंढवाड्यात घालून आला.