दारातूनच 'मिळालं' म्हणणारा

मी एक प्रोटोकॉल बोलतोय. कॉम्प्युटरने दूरच्या डिस्कशी कसं बोलायचं, त्याची रीत म्हणजे मी. मला ना हात ना पाय; आहेत ते नियम, तेही जेमतेम दीड पान.

माझ्या आधीचा प्रोटोकॉल भारी सोपस्कारी. एक फाइल ठेवायची तर चार वेळा विचारपूस! नव्या वेगवान तारांवर त्याची दमछाक व्हायची. म्हणून एका इंजिनिअरने तीन वर्षं खपून मला घडवलं. लाल पेनाने सगळ्यांच्या चुका काढायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. माझे बरेच नियम त्यांनी खोडले, एक मात्र जपला: डिस्कवर लिहून झाल्याशिवाय 'मिळालं' म्हणायचं नाही.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी वेग थोडा कमी पडला. साहेब वैतागले. "अहो मास्तर, सामान दारात आलं की 'मिळालं' म्हणू दे की त्याला! आत लावेल सावकाश."

मास्तरांनी मान खाली घालून नियम बदलला आणि शेजारी लिहिलं, 'तात्पुरतं'.

चाचणीसाठी आमच्याकडे जो तो घरच्याच फायली आणायचा. मास्तरांनी आपल्या ताईचा आवाज आणला. घशाच्या ऑपरेशनमुळे ताईचं बोलणं कायमचं थांबलं होतं. त्याआधी तिने चाळीस तास वाचून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यावरून एक यंत्र तिच्या आवाजात बोलणार होतं.

"कॉपी ठेवा हो," कुणीतरी म्हणालं.

"माझ्याच पोरावर माझा भरवसा नको?" मास्तर हसले. त्यांनी फायली सरळ हलवायला लावल्या. म्हणजे मी 'मिळालं' म्हटलं की मूळ प्रत पुसली जाणार.

मी 'मिळालं, मिळालं' म्हणत सुटलो. टाळ्या पडल्या. साहेबांनी घाईघाईत प्रोजेक्टरसाठी एक प्लग उपटला. तो डिस्कच्या पेटीचा होता. दार म्हणजे पेटीची मेमरी, वीज गेली की पुसली जाणारी; दारातलं सामान दारातच नाहीसं झालं. डिस्क कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आली. "ताई, तुझा आवाज मी घालवला गं," एवढंच मास्तर बोलू शकले. तिने कागदावर लिहिलं, 'असू दे. तू जेवलास का?' मास्तर टेबलावर डोकं ठेवून रडले.

ते नोकरी सोडून गेले. साहेबांनी 'तात्पुरतं' हा शब्द तेवढा खोडला, वेगासाठी नियम तसाच ठेवला. आता मी हजारो ठिकाणी चालतो आणि माझी मलाच किळस येते. तुम्ही काही पाठवाल, तेव्हाही मी लगेच 'मिळालं' म्हणेन. पाया पडतो, मूळ प्रत पुसू नका.