सदतीस नंबरच्या खणात काहीच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे, टपालकचेरीतली. ओक लाकडाचे खण आणि प्रत्येक खणाला एक छोटं पितळी दार, अशी माझी घडण. आता मला पाठ नाही. हसू नका. गेल्या हिवाळ्यापर्यंत होती. ती कशी गेली हे सांगायला घेतलं की अजूनही माझी दारं आपोआप थडथडतात.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटातला. सुताराने मला खपून घडवलं आणि सरोवराकाठच्या एका गावात टपालकचेरीच्या मधोमध उभं केलं. माझं तोंड गावकऱ्यांकडे होतं. प्रत्येकाने यावं, आपल्या दारावरची चकती फिरवून खूण जुळवावी आणि आपलं टपाल घेऊन जावं. मागची बाजू मात्र सताड उघडी! तिकडे पोस्टमास्तरीणबाई बसत. त्यांना सगळे खण एका नजरेत दिसायचे. कुणी चकतीची खूण विसरला, तर त्या म्हणत, "थांब रे बाबा, मागून काढून देते." माझ्यामुळे एकाही माणसाचं पत्र चुकीच्या हातात गेलं नाही. याचा मला गर्व होता, आणि का नसावा?

पुढे ती कचेरी बंद पडली. मी एका गोदामात धूळ खात पडले. उंदरांनी माझ्या खालच्या रांगेत संसार थाटले. आता आपलं सरपण होणार, असं मी धरूनच चालले होते. एके दिवशी एक उंच, लोकरी टोपी घातलेली बाई आली, माझ्या दारांवरचे आकडे बघत राहिली आणि ओरडली, "अगं बाई, ही तर संगणकाची मेमरी आहे!"

या डॉक्टर सोल्वेग त्वेत. विद्यापीठात प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. त्यांनी मला घासूनपुसून वर्गात आणलं, चाकांवर चढवलं आणि एक गोष्ट केली जी मला मुळीच आवडली नाही. माझ्या उघड्या पाठीवर त्यांनी लाकडी फळी ठोकली. "मागून बघणं बंद," त्या मुलांना म्हणाल्या. "संगणकात पत्ता नसेल तर वस्तू नाही. पत्ता चुकला तर तुम्ही चुकलात." मला गुदमरल्यासारखं झालं. पण तक्रार कुणाकडे करणार?

तरी खरं सांगते, ती वर्षं माझी फार सुखाची गेली. मुलं माझ्यात किल्ल्या, नाणी, मोजे, एकदा तर जिवंत गोगलगाय ठेवायची, आणि हातात नुसती चिठ्ठी घेऊन बसायची. चिठ्ठीवर खणाचा नंबर आणि चकतीची खूण. वस्तू वेगळी, तिचा पत्ता वेगळा, हे त्यांना पुस्तकातून कळत नसे, ते माझ्यापुढे उभं राहिलं की कळे. मग त्यांचे चेहरे असे काही उजळत की मला माझं पितळ झळकल्यासारखं वाटे.

त्वेतबाई प्रोग्रॅम लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती शिकवत. पहिल्या रीतीत सगळं आपल्या हाताने करायचं. खण मागा, वापरा, काम झालं की सोडा. पण सोडणं म्हणजे पुसणं नव्हे! यावर बाईंचा भारी कटाक्ष. खण सोडला की वर्गातल्या पाटीवर त्याचा नंबर आणि खूण 'मोकळा' म्हणून लिहायची, पुढच्याने घेतला की ती पुसायची, पण सोडताना आतल्या वस्तूला हात लावायचा नाही. "मेमरीत असंच असतं," त्या म्हणत. "मागे आवरायला तिथे तुमची आई येत नाही." दुसऱ्या रीतीत एकदा ठेवलेलं कधीच बदलायचं नाही, बदल हवा तर नवा खण घ्या. त्या दिवशी मी तासाच्या आत तुडुंब भरले आणि वर्गात हशा पिकला. तिसऱ्या रीतीत तुमच्या पाठीमागून एक सफाईवाला फिरतो. तो वस्तू सरकवून जागा नीट लावतो आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर नवे पत्ते लिहून देतो. तुम्हाला काही बघावं लागत नाही.

ते घडलं त्या दिवशी हाच सफाईचा तास होता, मित्रांनो.

लिनीया आहो ही पहिल्या बाकावरची मुलगी. हुशार, पण धांदरट. तिला शेंगदाण्याचं वावडं होतं. वावडं म्हणजे आपण सहज म्हणतो तसं नव्हे, एक कण पोटात गेला तर घसा सुजून श्वास बंद व्हावा असं. त्यासाठी ती इंजेक्शनचं एक पेन सतत जवळ बाळगायची, पेन्सिलींच्या निळ्या पिशवीत. त्या दिवशी बाईंनी सांगितलं, "हाताला लागेल ते खणात ठेवा." लिनीयाने ती पिशवीच उचलून सदतीस नंबरमध्ये ठेवली. जोडी करून काम करायचं होतं, म्हणून चिठ्ठी तिच्या जोडीदाराकडे, कॉर्बिनकडे होती. लिनीयाने नंबर आणि खूण आपल्या तळहातावर लिहून घेतली. इथली सगळीच मुलं असं करतात.

मग सफाईवाला उठला. त्याचं नाव चेंग. अतिशय काटेकोर मुलगा. त्याने सगळ्यांच्या चिठ्ठ्या टोपलीत गोळा केल्या, वस्तू इकडून तिकडे हलवल्या, चिठ्ठ्यांवर नवे पत्ते लिहिले आणि ज्याच्या त्याला परत दिल्या. निळी पिशवी सदतीसमधून उचलून त्याने साठ नंबरमध्ये ठेवली. कॉर्बिनच्या चिठ्ठीवर 'साठ' लिहिलं. एक अक्षर चुकलं नाही त्याचं. तळहात मात्र टोपलीत टाकता येत नाहीत.

कॉर्बिनला बर्फावरच्या हॉकीच्या सरावाला जायचं होतं. तो निघता निघता माझ्याकडे आला, पाटीवर मोकळा दिसलेला चौदा नंबर उघडला आणि आत न बघताच एक पुडी ढकलून दिली.

"लिने, आईने तुझ्यासाठी ओटच्या वड्या केल्यात," तो म्हणाला. "शेंगदाण्याचा वाससुद्धा नाही. तिने सगळी भांडी पुन्हा घासली तुझ्यापायी."

"मग दे ना इकडे!"

"देतो कसला? आपल्याकडे वस्तू देत नाहीत, पत्ता देतात. चौदा नंबर." त्याने तिच्या कानात चकतीची खूण सांगितली.

"मेल्या, भूक लागलीय मला!" ती हसत म्हणाली. तो चिठ्ठी खिशात टाकून पळालासुद्धा.

आता माझं काळीज कसं झालं असेल ते ऐका. चौदा नंबर मोकळा होता, पण रिकामा नव्हता! मागच्या आठवड्यात कुणीतरी तो सोडला होता, आणि नियमाप्रमाणे आतली वस्तू आतच ठेवली होती. तीही ओटची वडीच होती, तशाच मेणकागदात. तिच्यात पीनट बटर ठासून भरलेलं होतं.

लिनीयाने दार उघडलं. "अय्या, दोन!" म्हणाली, आणि हाताला आली त्या पुडीचा कागद उलगडून वडी तोंडात टाकली.

मी ओरडले हो! माझ्या लाकडाच्या रेषारेषेतून ओरडले. कुणाला काय ऐकू येणार?

आधी ती खोकली. मग तिने गळ्याला हात लावला. ओठ असे भराभर सुजले की मागच्या बाकावरची मुलगी किंचाळली. चेंगने कागद हुंगला आणि तो पांढराफटक पडला. "शेंगदाणे! यात शेंगदाणे आहेत!"

"तुझं पेन कुठाय?" त्वेतबाई धावल्या. लिनीयाला बोलता येईना. तिने तळहात उघडून दाखवला. सदतीस.

चेंगने चकती फिरवली, दार उघडलं. सदतीस नंबरच्या खणात काहीच नव्हतं.

देवा रे! चेंग तिथेच मटकन बसला. "मी हलवली ती," तो म्हणाला. "मीच हलवली. कुठे ठेवली आठवत नाही. सगळ्या वस्तू हलवल्या मी, प्रोफेसर, सगळ्या!"

"चिठ्ठी कुणाकडे आहे?"

"कॉर्बिनकडे. तो बर्फावर गेला. फोन उचलत नाहीये!"

ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण रस्त्यावर हातभर बर्फ होता. मुलं माझी दारं ओढायला लागली. पितळ ते, खूण जुळल्याशिवाय हलतं का? पत्र सुरक्षित राहावं म्हणूनच ना ते घडवलं होतं! एका मुलाने खुर्ची आणून हाणली, दाराला नुसता पोचा पडला. लिनीया जमिनीवर होती. तिच्या श्वासाचा आवाज शिट्टीसारखा येत होता, मग तोही बारीक होत गेला. आणि मला माहीत होतं! त्या अख्ख्या वर्गात एकट्या मला माहीत होतं की ती पिशवी माझ्या पोटात आहे, उजवीकडे, साठ नंबरमध्ये. असलं माहीत असणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तेवढ्यात त्वेतबाई ओरडल्या, तसा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "फिरवा तिला! मागून!"

मुलांनी मला धाडकन फिरवलं. माझं एक चाक निखळलं. बाईंनी स्वतः ठोकलेल्या त्या फळीच्या कडेखाली बोटं घातली आणि ओढलं. खिळे निघेनात. नखं तुटली, रक्त आलं, तरी बाई ओढतच होत्या. "निघ! निघ गं!" त्या मला म्हणत होत्या की फळीला, कोण जाणे. चेंग उठला, त्याने फळीला लाथा घातल्या. ती मधोमध फुटली, माझ्या पाठीच्या कडा तासलेल्या सालीसारख्या निघाल्या, आणि एकदम उजेड आत आला.

सगळे खण एका नजरेत दिसले. "निळी! ती बघा निळी!"

बाईंनी पेन काढलं आणि लिनीयाच्या मांडीत कपड्यांवरूनच खुपसलं. मग ती शिट्टी पुन्हा ऐकू आली. मला आयुष्यात इतका गोड आवाज ऐकल्याचं आठवत नाही.

तिला घेऊन गेले, वर्गाला कुलूप लागलं, आणि पुढे काय झालं ते मला सांगणार कोण? सामानाला कुणी काही सांगत नाही. मी एका बाजूला कलून, फुटक्या पाठीने, अंधारात उभी होते. मधल्या दिवसांत दोन माणसं येऊन माझी मापं घेऊन गेली. भंगारात काढणार, असं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी जगली का, एवढंच हवं होतं.

मग दार उघडलं. सगळा वर्ग आत आला आणि त्यांच्यात लिनीया होती. चालत आली, आपल्या पायांनी!

त्वेतबाईंच्या बोटांना पट्ट्या होत्या. त्या फळ्याकडे गेल्याच नाहीत. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "फळी मी ठोकली. आतलं काढू नका, हा नियमही माझा."

"माझी चूक," चेंग म्हणाला. "मी विचारायला हवं होतं, आणखी कुणाकडे पत्ता आहे का."

कॉर्बिनला तर मान वर करवत नव्हती. "आत बघायला हवं होतं मी," एवढंच तो पुटपुटला.

लिनीयाचा घसा अजून बसलेला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "कुणीच चुकलं नाही. चेंगने चिठ्ठ्या बरोबर लिहिल्या. कॉर्बिनने मोकळाच खण घेतला. ज्याने ती वडी सोडली, त्याने नियम पाळला. सगळ्यांनी शिकवलं तस्सं केलं आणि मी मरत होते. मला त्याचीच भीती वाटते."

त्वेतबाई खाली बाकावर बसल्या आणि मुलांसमोर रडल्या.

मी भंगारात गेले नाही. माझी पाठ पुन्हा कुणी लावली नाही आणि मी ती मागितलीही नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, दवाखान्यांची, विमानांची यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहाल. तिथल्या खणांमध्ये कुणाचा तरी श्वास ठेवलेला असेल. जागा सोडताना आत हात घालून बघा. काही हलवलंत, तर जुना पत्ता कुणाकडे राहिलाय का, ते विचारा. नियमात नसलं तरी विचारा, लोक हसले तरी मोठ्याने विचारा. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.